खंडेनवमीला पुजलेली हार्ड डिस्क

कुठलीही नवी वस्तू घरात आली की माझी आई आधी तिचा वास घ्यायची. भांडं असो, लुगडं असो, नाहीतर माझ्या वडिलांनी, नानांनी, आणलेलं भिंतीवरचं घड्याळ असो. आयुष्यभर मासळी विकलेल्या बाईचा नाकावर जेवढा विश्वास असतो तेवढा डोळ्यांवर नसतो. त्यामुळे बोईसरच्या आमच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर आला, तेव्हा खोका उघडल्या उघडल्या तिनं त्यात तोंड घातलं आणि निराश होऊन म्हणाली, "याला कसलाच वास नाय. ताजा हाय का शिळा, कळायचं कसं?" नाना हसले. बऱ्याच महिन्यांनी हसले होते म्हणून मला ते लक्षात राहिलं. ते एमआयडीसीतल्या एका गिरणीत इलेक्ट्रिशियन होते. गिरणीला टाळं लागलं, हातात जे आलं त्यातून त्यांनी गुंडाळत चाललेल्या एका ऑफिसातलं हे यंत्र उचललं आणि दारावर पाटी लावली, 'मराठी-इंग्रजी टायपिंग व लग्नपत्रिका'. गिरणी बंद झाली तरी आमचा दिवस भोंग्यावरच चालायचा. बाकीच्या कारखान्यांचे भोंगे होते, आणि वारा तिकडून आला की घशात खवखवणारा तो औषधी वासही होता. त्याला मात्र आई वास म्हणायचीच नाही.

यंत्र बाहेरच्या खोलीत, पंख्याखाली. धूळ नको म्हणून त्यावर प्लास्टिकचं झाकण, आणि आईच्या मासळीच्या पाटीचा वास गिऱ्हाइकाला नको म्हणून मधल्या दाराला पडदा. टायपिंग मी करायची. मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची होते आणि माझ्याइतकं भराभर मराठी टाइप करणारं बोईसरात कुणी नाही असा माझा समज होता, जो मी आजही सोडलेला नाही. प्रिंटर सुरू झाला की अशी काही करकर व्हायची की शेजारच्या खोलीतला रामअवध भिंतीवर थाप मारून विचारायचा, "क्या फाड़ रहे हो, भाई?" आतून सुक्या बोंबलाच्या कालवणाचा वास यायचा, बाहेर मी 'आमचे येथे श्रीकृपेकरून' टाइप करत असायची, आणि गिऱ्हाईक पत्रिकेचं सोडून विचारायचं, आज काय शिजतंय.

आई मुरब्याची, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. तिचे वडील पापलेटाला म्हणून गेले ते परत आले नाहीत. होडीही आली नाही, जाळंही आलं नाही. आई तेव्हा लहान होती. तिची आई कितीतरी दिवस खाडीच्या तोंडाशी जाऊन बसायची आणि ही तिच्या पदराला धरून शेजारी. पुढे तिला स्थळं येऊ लागली तेव्हा तिनं एकच अट घातली, नवरा गिरणीतला चालेल, बिगारी चालेल, पण त्यानं आणि त्याच्या पोरांनी होडीत पाय ठेवायचा नाही. तिच्या धाकट्या भावावर, आमच्या हरीमामावर, तिचा काही इलाज चालला नाही. तो तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान झाला, स्वतःच्या बोटीचा मालक झाला. पण आपला नवरा आणि पोरं तिनं समुद्रापासून लांब ओढून बोईसरात आणून ठेवली. मासळी ती विकायची, मासळी आम्ही खायचो, समुद्राचं नाव मात्र घरात निघायचं नाही. दादा आणि मी कधी खाडीत पोहायलाही शिकलो नाही, हे मुरब्याच्या मामेभावंडांना सांगितलं तर ती आमच्याकडे कीव आल्यासारखी बघायची.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. कॉलेज सोडलेला, हाताला चैन नसलेला. रेडिओ उघडायचा, जोडायचा, एखादा स्क्रू उरला तर खिशात टाकायचा. नानांना त्याचं काही पटायचं नाही. गिरणीत माग बंद पडला तर नाना नुसता आवाज ऐकून कुठे बिघडलंय ते सांगायचे, आणि आपल्या मुलाला आवाज ऐकूच येत नाही हे त्यांचं रोजचं दुःख होतं. दादा पालघरच्या एका कॉम्प्युटर दुकानात जाऊ लागला होता. तिथले देसाई सर त्याला काम शिकवायचे, निदान बघू द्यायचे.

त्या वर्षी पत्रिकांना देवांची चित्रं टाकायची टूम निघाली आणि यंत्राच्या पोटातला तो लोखंडी डबा, हार्ड डिस्क, भरून गेला. आता त्या डब्यात किती मावायचं ते सांगितलं तर माझी नात हसते. तिच्या मोबाईलमधले दहा-बारा फोटो बसले असते, बस. तेव्हा त्यात आमची सगळी कमाई होती, पुढच्या हंगामाच्या सगळ्या पत्रिका होत्या. दादा म्हणाला, मोठी डिस्क टाकू, जुनीही राहू दे शेजारी. नाना म्हणाले, "चालतंय ते कशाला खोलायचं?" दादानं देसाई सरांचं नाव पुढे केलं, माझ्या वेगाचं कौतुक करून मला आपल्या बाजूला घेतलं, आणि शेवटी नाना कबूल झाले. वर चेष्टेत म्हणाले, "बंद पडलं तर सरळ हरीच्या बोटीवर पाठवीन तुला." आम्ही सगळे हसलो. आई हसली नाही. हातातली कोळंबी तशीच धरून ती नानांकडे बघत राहिली.

देसाई सरांनी दोन्ही डिस्क दुकानात मागवून घेतल्या, त्यांची काय ती जुळणी करून ठेवली आणि दादाला सांगितलं, आता नुसत्या केबलच्या पट्टीला जोड, नवी शेवटच्या टोकाला, जुनी मधल्या. हे सांगून ते दसऱ्याला म्हणून आपल्या गावी निघून गेले. आणि नवीन वस्तू दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू करायची, त्याआधी खंडेनवमीला तिची पूजा करायची, यात आमच्या घरी कुणाला विचारायचंच काही नव्हतं. गिरणी होती तेव्हा नाना नवमीला मागाला हार घालून यायचे. आता घरीच पाट मांडला. त्यावर नानांचा टेस्टर, पक्कड, आईचा कोयता आणि तराजू, माझा कीबोर्ड, आणि मधोमध त्या दोन डिस्क. पूजेला ठेवायची वस्तू आधी लखलखीत हवी हा आईचा कायदा. कोयता तिनं चिंचेनं घासून असा काढला की त्यात तोंड दिसावं. दादानं तिला दहादा बजावलं होतं, "आई, डिस्कला पाणी लावू नको हां. ओलं कुंकूपण नको." तिनं ते अक्षरशः पाळलं. कोरडं फडकं घेतलं, कोरडं कुंकू चिमटीनं टेकवलं, फूलसुद्धा झटकून वाहिलं. मी वडे तळत होते, तांदळाच्या पिठाचे, सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. पाटाकडे माझी पाठ होती.

दसऱ्याच्या सकाळी हरीमामा सोनं द्यायला आला. हंगाम भरात होता, त्याची बोट दुसऱ्या दिवशी निघायची होती आणि त्याचा एक खलाशी तापानं पडला होता, त्याचीच चिंता त्याच्या बोलण्यात होती. रामअवध दारात येऊन उभा राहिला. चाळीतली दोन-चार माणसंही आपट्याची पानं हातात घेऊन थांबली, कारण दादा मशीनचं पोट उघडून बसला होता आणि असं दृश्य रोज फुकट दिसत नाही. त्यानं दोन्ही डबे बसवले, पट्टी लावली, पत्रा बंद केला. आईनं नारळ ओवाळला. नानांनी बटण दाबलं.

पंखा घरघरला. पडद्यावर आकडे धावले आणि थांबले. मग काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत एक इंग्रजी ओळ आली, हार्ड डिस्क कंट्रोलर फेल्युअर. बाकी काही नाही. आमचं ते विंडोजचं चित्र, ज्याची मला इतकी सवय झाली होती, ते आलंच नाही. 'फेल' एवढं सगळ्यांनाच वाचता आलं.

"व्हईल, व्हईल," मामा म्हणाला. "इंजिनपण पहिल्या दोरीला कुठं लागतंय?"

दादानं पुन्हा उघडलं. त्या पट्टीला एका कडेला लाल रेघ असते, ती उलटी तर लागली नाही ना, ते पाहिलं. बरोबर होती. काढून परत लावली. तीच ओळ. मग तो सेटअपमध्ये शिरला आणि सरांनी कागदावर दिलेले डिस्कचे आकडे एकेक करून पुन्हा भरले. तीच ओळ. मग त्यानं फ्लॉपी घालून मशीन सुरू केलं. ते झालं, आणि माझा जीव जरा भांड्यात पडतोय तोवर त्यानं सी ड्राइव्ह मागितला. मशीननं सांगितलं, असला ड्राइव्ह इथे नाही. दादाच्या मानेवर घाम दिसू लागला. शेवटी त्यानं नवी डिस्क काढूनच टाकली आणि जुनी होती तशी एकटी लावली. परवापर्यंत चालणारी, माझ्या हातच्या सगळ्या पत्रिका पोटात असलेली जुनी डिस्क. आता ही तरी लागेलच, असं मला खात्रीनं वाटलं.

लागली नाही. तीच ओळ आली.

तो क्षण मला आजही अंगावर येतो. नवी लागली नाही हे समजून घेता आलं असतं, पण जुनी कशी मेली? दादा पडद्याकडे असा बघत होता की त्याला अक्षरं दिसतच नसावीत. रामअवध हळूच म्हणाला, "दोनों गई क्या?" आणि त्या तीन शब्दांनी नानांचं काय झालं कोण जाणे. नानांनी आम्हा दोघांवर कधी हात उगारला नव्हता. त्या दिवशी त्यांनी दादाच्या खांद्याला धरून त्याला उभं केलं आणि सगळ्यांदेखत मामाच्या अंगावर ढकललं.

"घेऊन जा याला. तुझा खलाशी. उद्या निघतोयस ना? घेऊन जा."

"नाना, सर येईपर्यंत थांबा," दादा म्हणाला. "दोन्ही जाणार नाय एकदम. काहीतरी बारीक असेल."

"बारीक? घर बुडवलंस आमचं, आणि बारीक?"

आई मध्ये आली. "तोंडातून काढू नका ते. मी सांगते, काढू नका. माझी अट हाय."

"तुझ्या अटीनं चूल पेटते का?" नाना म्हणाले.

मी नानांना इतकी वर्षं ओळखत होते आणि हा माणूस मला माहीतच नव्हता. आई मामाकडे वळली. तिला वाटलं भाऊ तरी नाही म्हणेल. मामानं आपल्या पायांकडे पाहिलं, आणि त्याचा एक माणूस कमी होता. "बाय, पाच-सहा दिसांचा तर सवाल हाय. मी हाय ना संगती," तो म्हणाला. दादानं कुणाकडेच पाहिलं नाही. चपला घातल्या आणि मामाच्या मागून गेला. सोनं वाटायचं राहून गेलं. आपट्याची पानं कीबोर्डवर तशीच पडली होती.

त्यानंतरच्या दिवसांत आई पाटी घेऊन बाजारात जायची, पण परत येताना पाटी अर्धी भरलेली असायची, आणि हे तिच्या बाबतीत कधी घडलेलं नव्हतं. पत्रिकावाले येऊन उंबऱ्यावर उभे राहायचे, नाना त्यांना काहीबाही सांगून परत पाठवायचे. ताटात भात असायचा आणि आई विचारायची, "वारा कुठला हाय आज?" बोईसरच्या चाळीत वारा कुठला हे कुणाला ठाऊक? आम्हाला फक्त कारखान्यांचा वास यायचा. नाना जेवण अर्धवट टाकून उठायचे. त्यांनाही पश्चात्ताप झालेला दिसत होता, पण बोट निघून गेली होती आणि समुद्रावर तेव्हा फोन नव्हते.

देसाई सर गावाहून परतले आणि निरोप मिळताच आमच्याकडे आले. बसले, चहा नको म्हणाले, पत्रा उघडला. दोन्ही डिस्क काढून उलट्या केल्या, पाठीमागच्या बारीक पिना पाहिल्या आणि म्हणाले, "जंपर कुठे गेले?"

नानांना काही कळलं नाही. मलाही नाही. सरांनी आपल्या डबीतून एक काळी टोपी काढून तळहातावर ठेवली, तांदळाच्या दाण्याहून लहान. म्हणाले, एका पट्टीवर दोन डिस्क लावल्या की थोरली कोण आणि धाकटी कोण हे ठरवून द्यावं लागतं. ही टोपी मागच्या दोन पिनांवर बसवली की ती डिस्क थोरली. टोपी नसली की ती स्वतःला धाकटी समजते. मशीन सुरू होताना आधी थोरलीला हाक मारतं. "तुमच्याकडे हाक मारायला कुणी थोरलीच नव्हती. नवीची टोपी मी बसवून दिली होती. जुनीची हरवू नये म्हणून एका पिनेवर अडकवून ठेवली होती. दोन्ही नाहीत."

आई पडद्याआडून बाहेर आली. तिच्या हाताला मसाला होता.

"ते काळं काळं?" ती म्हणाली. "मागं बारीक अडकलेलं? ते मी काढलं. केसातल्या पिनेनं."

नानांनी चष्मा काढला.

"देवापुढं ठेवायचं म्हणून साफ करत व्हते. घाण वाटली. कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा काढतो तसं काढलं. फुलांसंगती टाकून दिलं." ती सरांकडे वळली. "त्येच्यानं बंद पडलं व्हय सगळं?"

"हो, काकू."

"मंग पोरानं काय बिघडवलं नव्हतं?"

"त्यानं अगदी बरोबर लावलं होतं," सर म्हणाले.

सरांनी टोप्या बसवल्या. आधी दुसरीच ओळ आली, ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही, आणि मी दचकले. पण ते म्हणाले, हे ठीक आहे, नवी डिस्क कोरी आहे, तिला अजून काही शिकवलेलं नाही. फ्लॉपी घातली, सिस्टिम चढवली, जुनीतलं सगळं नवीत ओतलं. माझी प्रत्येक पत्रिका जागच्या जागी होती. मग विंडोजचं ते चित्र पडद्यावर आलं, आणि आमच्यातलं कुणी त्याकडे पाहिलंही नाही. नाना चष्मा काढून भिंतीला टेकून बसले होते. आई उंबऱ्यात उभी होती ती उभीच. ज्या गोष्टीपासून तिनं जन्मभर पोराला लांब ठेवलं, तिथे तिच्याच हातानं त्याला धाडलं होतं, आणि हे तिला समजायला क्षणसुद्धा लागला नव्हता. मी तिला हाक मारली. तिला ऐकू गेलं नाही. मग तिनं हात धुतले आणि एवढंच म्हणाली, "शैला, चल मुरब्याला."

बोट त्या दिवशी भरतीला यायची होती. आम्ही एसटीनं गेलो, आणि खाडीच्या काठी पाट्या घेऊन बसलेल्या बायांमध्ये जाऊन उभ्या राहिलो. आई बसली नाही. बाया ओळखीच्या, "बस की गं" म्हणत होत्या. ती लहानपणी ज्या जागी बसायची तीच ही जागा, हे माझ्या डोक्यात आलं. पाणी चढलं. एकेक करून बोटी आत येऊ लागल्या. मामाची दिसली तेव्हा तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की पुढे दोन दिवस वळ होता. दादा पुढच्या टोकाला उभा होता. काळा पडला होता, ओठ फुटले होते, हातांना चिंध्या बांधल्या होत्या. कमरेएवढ्या पाण्यात उडी मारून तो काठावर आला.

आईनं त्याला आधी सगळीकडून चाचपलं, मग एका दमात सांगून टाकलं. टोपी, पीन, कोळंबीचा दोरा, सर काय म्हणाले ते सगळं. "तू काय केलं नव्हतंस. माझ्या हातून झालं ते. मशीन चालू हाय आता. नाना पण गप बसलेत. चल घरी."

दादा ऐकत होता. टोपीचं ऐकून तो एकदा हसलासुद्धा, "मी किती शोधलं, आई!" म्हणाला. त्यात राग अजिबात नव्हता, आणि मला हायसं वाटलं. मग तो म्हणाला, "मशीन शैला चालवंल. मी नाय येत."

"म्हंजे?"

"पहिले दोन दिस नुसता ओकलो. मरतो असं वाटलं. मंग तिकडं आत आमचं इंजिन बंद पडलं. मामा, बाकीचे, सगळे बसले माझ्याकडं बघत. मी खोललं. तेलाच्या नळीत कचरा व्हता, दिसत व्हता डोळ्यानं. काढला, लागलं. कुणी मला काय बोललं नाय, आई. भाकरी पुढं केली." त्यानं हातावरची चिंधी घट्ट केली. "मला आवडलं तिथं. परवा परत निघतोय."

मामानं लगबगीनं हात हलवून सांगितलं की आपण काही शिकवलं नाही पोराला, शपथ. दादानं टोपलीतून एक मोठं पापलेट काढलं, नव्या खलाशाच्या पहिल्या वाट्याचा मासा त्याच्या आईच्या हातात देतात तसं, आणि तिच्या हातात दिलं. हजारो मासे हाताळलेला तो हात. मासा निसटला आणि चिखलात पडला. तिनं तो उचलला, खाडीच्या पाण्यात धुतला, पदराखाली घेतला आणि चालू लागली. वाटेत एसटीत ती रडली नाही. नुसतं समोर बघत होती, आणि अधूनमधून "आवडलं म्हणतो" एवढंच माझ्याकडे न बघता म्हणत होती. घरी येऊन तिनं तो रांधला, नानांना आणि मला वाढला, आणि स्वतः लोणच्याशी भात खाल्ला.

दादा पुढे तांडेल झाला, त्याची स्वतःची बोट झाली. तो सुखात आहे, जाडही झाला आहे. आई शेवटपर्यंत बोईसरच्या बाजारात बसायची. मुरब्याचा माल यायचा, सातपाटीचा यायचा, कुठल्या बोटीचा ते तिला न सांगता कळायचं. दादाच्या बोटीतलं पापलेट बाजारात सगळ्यात चांगलं असायचं आणि तिच्या पाटीत ते कधी नसायचं. नव्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसायचं. कुणीतरी शेजारणीच्या पाटीतल्या त्या मोठ्या माशाकडे बोट दाखवून तिलाच विचारायचं, मावशी, हे केवढ्याला? कुठल्याही माशाचा भाव झोपेतही सांगणारी माझी आई मान खाली घालायची आणि म्हणायची, "त्याचा भाव मला नाय सांगता येत."